आयबीएमचा फुकट क्वांटम संगणक: हिशेबासाठी नव्हे, बिघाड पाहण्यासाठी

आयबीएमच्या क्वांटम सेवेचा ओपन प्लॅन २८ दिवसांत १० मिनिटं फुकट देतो. एवढ्या वेळात व्यवहारात उपयोगी पडेल असा कुठलाही हिशेब होत नाही. जो होतो तो हातातला फोन आधी करून मोकळा होतो. तरीही खातं उघडावं, पण कारण वेगळं आहे. शून्य आणि एक या एकमेकींना छेद देणाऱ्या अवस्था एकाच वेळी धरून बसलेली वस्तू बाहेरच्या जगाच्या संपर्कात आली की तिचं नेमकं काय होतं, हे इथे आकड्यांत तपासता येतं. कंपनी ज्याला चूक म्हणते आणि दर पिढीत कमी करायला बघते, तोच इथला खरा माल आहे.

१९३५ साली श्रोडिंगरने डब्यातलं मांजर कागदावर आणलं. ते जिवंत आणि मेलेलं दोन्ही कसं असेल, हा प्रश्न तेव्हा वादापुरताच होता. आता मांजराच्या जागी अतिवाहक धातूचं एक छोटं सर्किट आहे. ते साधारण ५ गिगाहर्ट्झला प्रतिसाद देतं आणि १५ मिलिकेल्व्हिनच्या आसपास थंड ठेवलेलं असतं. इतकं थंड का, ते गुणाकार करून बघा. ५ गिगाहर्ट्झच्या एका कणाची ऊर्जा खोलीच्या तापमानातल्या उष्णतेच्या ऊर्जेपुढे सुमारे साडेबाराशे पटींनी लहान आहे. खोलीत ठेवलं तर शून्य कुठलं नि एक कुठला हेच उरणार नाही. हाताळता येईल एवढ्या मोठ्या सर्किटमध्ये क्वांटम वागणूक दिसते हे दाखवणाऱ्या क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांना २०२५चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आयबीएमने ५ क्युबिटांचं (क्युबिट म्हणजे शून्य नि एक एकत्र धरू शकणारं असं एक सर्किट) असं यंत्र मे २०१६मध्ये इंटरनेटवर सर्वांना खुलं केलं. आजच्या हेरॉन जातीच्या चिपांवर १३३ किंवा १५६ क्युबिट असतात. या परीक्षणातल्या प्रयोगांना त्यातले दोन पुरतात, एका प्रयोगाला पाच.

पहिली तक्रार सेवेपेक्षा तिच्याभोवती जमलेल्या शिकवण्यांबद्दल आहे. बहुतेक जण एच गेट (शून्यावरच्या क्युबिटाला शून्य नि एकच्या समसमान एकत्र अवस्थेत नेणारी क्रिया) लावतात, मोजमाप करतात, पन्नास टक्के शून्य नि पन्नास टक्के एक आले की ‘बघा, सुपरपोझिशन’ म्हणून टाळ्या वाजवतात. यातून काहीच सिद्ध होत नाही. नाणं उडवलं तरी हेच येतं. दोन्ही अवस्था खरंच एकत्र होत्या की आधीच एक ठरली होती नि आपल्याला ती फक्त माहीत नव्हती, हा फरक दुसरा एच गेट लावल्यावर दिसतो. एच, पुन्हा एच, मग मोजमाप. अवस्था खरोखर एकत्र असतील तर एककडे जाणाऱ्या दोन वाटा एकमेकींना खोडतात आणि जवळजवळ १०० टक्के शून्य येतं. नाण्याला दोनदा उडवून कोणी ते हमखास छाप्यावर आणून दाखवावं! पुढचं सगळं परीक्षण या एका आकड्यावर उभं आहे: दुसऱ्या एचनंतर शून्य किती टक्के आलं. १०० म्हणजे विरोधाभास, शून्य नि एक एकाच वेळी असण्याचा, शाबूत; ५० म्हणजे संपला.

इथेच पहिला खड्डा आहे. किस्किटमध्ये, म्हणजे आयबीएमच्या प्रोग्रॅम लिहायच्या साधनात, सर्किट (इथे अर्थ गेटांची क्रमवार यादी) यंत्रावर पाठवण्याआधी त्या चिपच्या भाषेत उतरवावं लागतं, आणि हे काम करणारा ट्रान्सपायलर हुशार आहे. एकामागोमाग दोन एच दिसले की ‘हे तर काहीच नाही’ म्हणून तो दोन्ही काढून टाकतो. मग यंत्र रिकामं सर्किट चालवतं, ९९ टक्के शून्य येतं आणि आपण खूश. उपाय सोपा आहे: दोन एचच्या मध्ये बॅरिअर टाका. बॅरिअर काही करत नाही, फक्त ट्रान्सपायलरला ‘याच्या आरपार हात घालू नकोस’ एवढं सांगतो. ऑप्टिमायझेशन पातळी शून्य ठेवूनही हे साधतं, पण तेव्हा क्युबिटांची निवड बिनडोकपणे होते, बॅरिअर बरा. उतरवलेलं सर्किट एकदा काढून बघायची सवय लावा. त्यात एच नावाचा गेट दिसणार नाही, त्याच्या जागी आरझेड, एसएक्स, आरझेड अशी चिपच्या स्वतःच्या गेटांची तिकडी दिसेल. दोन तिकड्या दिसल्या तरच पाठवा.

आता दोन एचच्या मध्ये थांबायला सांगा. डिले नावाची सूचना आहे, तिला मायक्रोसेकंदात वेळ देता येतो. या काळात आपण क्युबिटाला काहीही करत नाही. त्याच्याशी जे काही वागायचं ते बाहेरचं जग वागतं. ० पासून ३०० मायक्रोसेकंदांपर्यंत ११ थांबे घ्या, प्रत्येकी २००० शॉट (एक शॉट म्हणजे सर्किट एकदा चालवून मोजणं). अकराही सर्किटं एकाच जॉबमध्ये, म्हणजे यंत्राकडे एका वेळी पाठवायच्या कामात, घाला. दोन शॉटांमध्ये यंत्र साधारण २५० मायक्रोसेकंद रिकामं राहतं. त्यात सरासरी १५० मायक्रोसेकंदांचा थांबा मिळवला तर २२,००० शॉटांना जेमतेम ९ सेकंद लागतात, वर जॉबचा थोडा खर्च. एकेक सर्किट वेगळ्या जॉबने पाठवलं तर हाच वरखर्च अकरा वेळा भरावा लागतो.

काय दिसायला हवं? समजा क्युबिटाचा टी-टू, म्हणजे एकत्र अवस्था टिकण्याचा काळ, १०० मायक्रोसेकंद आहे. १० मायक्रोसेकंद थांबल्यावर सुमारे ९५ टक्के शून्य यावं, ५० ला ८० टक्के, १०० ला ६८, २०० ला ५७, आणि ३०० च्या पुढे ५२-५३ वर घुटमळावं. आकडा ५० कडे कलत जातो, झटका बसून कोसळत नाही. मांजराच्या गोष्टीतून मनात बसलेलं चित्र असं असतं की कोणीतरी डबा उघडतो आणि क्षणात निकाल लागतो. प्रत्यक्षात जग थोडं थोडं करून हिसकावून घेतं.

पण तुमचा आलेख बहुधा इतका शहाणा निघणार नाही. तो ५० च्या खाली जाईल, कधी ३० वर, मग पुन्हा वर येईल. यंत्र बिघडलेलं नसतं. अवस्था जगात हरवली तर आकडा ५० च्या खाली जाऊच शकत नाही. हरवणं म्हणजे नाणेफेक, आणि नाणेफेक ५० ला थांबते. खाली गेला याचा अर्थ विरोधाभास जिवंत आहे, फक्त त्याचा फेज, म्हणजे दोन अवस्थांमधला लहरींसारखा कोन, फिरला आहे. क्युबिटाची वारंवारता सेवेने धरलेल्या आकड्यापेक्षा ५ किलोहर्ट्झने सरकली असेल तर दर २०० मायक्रोसेकंदांनी एक फेरा पडतो आणि १०० ला आकडा तळ गाठतो. हरवलेलं आणि सरकलेलं यांतला हा फरक पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. या आलेखात पाच मिनिटांत शिरतो.

सरकलेलं परत आणायची युक्तीही इथेच करून बघता येते. थांब्याच्या बरोबर मध्यावर एक एक्स गेट (शून्य नि एकची अदलाबदल करणारा) टाका: अर्धा थांबा, एक्स, अर्धा थांबा, मग शेवटचा एच. पहिल्या अर्ध्यात जितका फेज पुढे गेला तितकाच दुसऱ्या अर्ध्यात मागे येतो, हिंदकळणं जातं आणि स्वच्छ उतार दिसतो. याला हान इको म्हणतात. एक्सच्या दोन्ही बाजूंना बॅरिअर हवेत, आणि दोन्ही अर्धे काटेकोर सारखे हवेत. यंत्राचं घड्याळ ठरावीक ठोक्यांत चालतं, त्यामुळे विषम वेळ दिला तर तो गोल करून घेतला जातो आणि इशारा छापला जातो. तो इशारा वाचा. इकोनंतरही जी घसरण उरते ती मात्र खरी देणगी आहे जगाला. ती कुठल्याही एक्सने परत मिळत नाही.

तिसरा आलेख टी-वनचा, म्हणजे एकवरचा क्युबिट किती काळ टिकतो त्याचा, तोही काढाच: एक्स लावून क्युबिट एकवर न्या, थांबा, मोजा. एकचं प्रमाण घातांकाने घसरतं, कारण क्युबिट आपली ऊर्जा आजूबाजूला सोडून शून्यावर येतो. टी-टू हा टी-वनच्या दुपटीपेक्षा मोठा असू शकत नाही, हा नियम पक्का आहे. तुमच्या आकड्यांत तो मोडलेला दिसला तर आधी हिशेबात चूक शोधा, मग शॉट कमी पडले का ते बघा.

आतापर्यंत बाहेरचं जग म्हणजे एक निनावी गर्दी होती. या सेवेतला सगळ्यात सुंदर प्रयोग तो आहे ज्यात जगाला नाव देता येतं: शेजारचा दुसरा क्युबिट. पहिल्यावर एच, मग पहिल्याकडून दुसऱ्याकडे सीएक्स (पहिला एक असेल तरच दुसऱ्याला उलटवणारा गेट), मग पहिल्यावर एच, आणि फक्त पहिलाच मोजा. १०० टक्के शून्य यायला हवं होतं, येतं ५०. दुसऱ्या क्युबिटाला आपण मोजलंही नाही, बघितलंही नाही. त्याने पहिल्याची फक्त नोंद घेतली, आणि एवढ्याने दोन वाटांनी एकमेकींना खोडणं बंद पडलं. निरीक्षक, जाणीव, डोळे यांबद्दल वर्षानुवर्षं जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं या एका सर्किटासमोर गळून पडतं. नोंद कुठेतरी उरली की झालं. ती कोणी वाचो न वाचो.

लगेच पुढचं पाऊल: सीएक्सनंतर आणखी एक सीएक्स. मध्ये बॅरिअर विसरू नका, नाहीतर ट्रान्सपायलर ही जोडीही गिळेल. दुसऱ्या सीएक्सने नोंद पुसली जाते आणि शून्याचं प्रमाण चांगल्या जोडीवर ९५ टक्क्यांच्या वर परत येतं. म्हणजे विरोधाभास नष्ट झाला नव्हता, दोघांत वाटला गेला होता. जग जेव्हा दोन क्युबिटांचं असतं तेव्हा तो परत मागता येतो. जग हवेचं असलं की मागायचा कोणाकडे? साध्या हवेत दर चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला साधारण ३ वर २३ शून्यं इतके रेणू आपटतात, आणि प्रत्येक जण थोडीशी नोंद घेऊन निघून जातो.

अर्धवट नोंदीचा प्रयोग त्याहून रंजक आहे, आणि तयार शिकवण्यांत तो क्वचितच दिसतो. सीएक्सच्या जागी नियंत्रित आरवाय गेट (पहिला एक असेल तरच दुसऱ्याला ठरावीक कोनातून फिरवणारा) घ्या आणि कोन बदलत जा. ० अंशाला शून्याचं प्रमाण १००, ६० अंशांना ९३, ९० ला ८५, १२० ला ७५, १८० ला ५०. दुसरा क्युबिट जितका फिरला तितकीच त्याला माहिती मिळाली, आणि पहिल्याने तितकंच गमावलं. पाच कोन, एक जॉब, काही सेकंद. यंत्रावर हे आकडे एखाद-दोन टक्क्यांनी खाली येतात, कारण नियंत्रित आरवाय चिपला थेट कळत नाही; तो दोन सीझेड गेटांमध्ये उतरवला जातो आणि दोन क्युबिटांच्या प्रत्येक गेटला थोडी चूक चिकटलेली असते.

पुसण्याचा दुसरा प्रकार, क्वांटम इरेझर, यावर इंटरनेटवर भरपूर भंपकपणा आहे म्हणून थोडं सविस्तर. एच आणि सीएक्स लावून झाल्यावर दोन्ही क्युबिटांवर एच लावा आणि दोन्ही मोजा. एकट्या पहिल्याकडे बघितलं तर अजूनही ५०-५०. पण दुसरा शून्य आला तेवढेच शॉट वेगळे काढले तर त्यांत पहिला जवळजवळ नेहमी शून्य. दुसरा एक आला त्यांत पहिला एक. दुसऱ्यावरचा एच काढून टाका, हा मेळ लगेच जातो. भूतकाळ बदलला, संदेश मागे गेला असले निष्कर्ष यातून निघत नाहीत. पहिल्याची एकूण बेरीज दोन्ही वेळा ५०-५०च राहते. मेळ दिसतो तो दोन्ही वह्या शेजारी ठेवून गाळणी लावल्यावर. ही गाळणी लावताना एक घोळ हमखास होतो. किस्किट उत्तरं उजवीकडून डावीकडे लिहितं, म्हणजे सगळ्यात उजवा आकडा शून्य क्रमांकाच्या क्युबिटाचा. ‘०१’ वाचून पहिला शून्य समजलात तर बाकी सगळं बरोबर असूनही दोन्ही क्युबिटांची अदलाबदल होईल.

पाच क्युबिटांचा प्रयोग वेळ उरला तर करा. एक एच, मग सीएक्सची साखळी: सगळे शून्य आणि सगळे एक अशा दोन टोकांची एकच अवस्था. थांबा, साखळी उलटी सोडवा, एच, मोजा. प्रत्येक क्युबिटावर जग स्वतंत्रपणे वागत असेल तर ही अवस्था पाचपट वेगाने विरते. १०० मायक्रोसेकंदांच्या जागी २०. मोठ्या वस्तू दोन जागी का दिसत नाहीत याचं अर्धं उत्तर या पाचपटीत आहे. हा प्रयोग मात्र चिपच्या लहरीवर अवलंबून असतो. साखळीत एक जरी क्युबिट आजारी निघाला तर सगळा आलेख त्याचाच होतो.

म्हणून क्युबिट निवडणं यंत्रावर सोडू नका. प्रत्येक चिपच्या पानावर टी-वन, टी-टू आणि वाचनातली चूक क्युबिटागणिक दिलेली असते. टी-टू चांगला, वाचनातली चूक १ टक्क्याच्या आसपास आणि दोघांमध्ये थेट जोडणी असलेली जोडी शोधा, ती इनिशिअल लेआउटमध्ये स्वतः भरा. थेट जोडणी नसेल तर ट्रान्सपायलर मध्ये स्वॅप (दोन क्युबिटांच्या अवस्थांची अदलाबदल) घालतो, म्हणजे प्रत्येकी तीन जादा गेट, आणि तुम्ही जगाचा नव्हे तर स्वॅपचा परिणाम मोजत बसता. वाचनाची चूक एकतर्फी असते हेही ध्यानात ठेवा. मोजमापाला साधारण १ ते २ मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात एक कधी कधी शून्यावर घसरतो. शून्य एकवर चढत मात्र फारसा नाही. प्रत्येक जॉबमध्ये दोन सर्किटं फुकटची घाला: एक नुसतं मोजमाप, दुसरं एक्स आणि मोजमाप. बाकी आकडे या दोघांच्या मापाने वाचायचे.

आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न शॉटांचा आहे. १००० शॉटांत ५० टक्क्यांच्या उत्तराला १.६ टक्के इकडेतिकडे नैसर्गिक आहे, ४०९६ शॉटांत ०.८. त्यापेक्षा बारीक फरकावरून सिद्धांत मांडू नये.

सेवेत मदतीसाठी ठेवलेल्या काही सोयी इथे आड येतात. डायनॅमिकल डिकपलिंग चालू असेल तर रिकाम्या थांब्यांत यंत्र आपणहून एक्ससारखे ठोके भरतं, म्हणजे तुम्ही साधा थांबा समजून इको मोजता. सॅम्पलरमध्ये, म्हणजे शॉटांची उत्तरं जशीच्या तशी देणाऱ्या साधनात, हे मुळात बंद असतं, तसंच राहू द्या. एस्टिमेटर (सरासरी काढून देणारं साधन) वापरणार असाल तर रेझिलिअन्स, म्हणजे चुका झाकण्याची, पातळी शून्य करा; मूळ पातळी १ असते आणि ती वाचनातली चूक परस्पर पुसून देते. आपल्याला तीच तर बघायची आहे.

सेवेचे दोष सांगायचे तर पहिला: इंटरनेटवर सापडणारा निम्मा कोड मेलेला आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये किस्किट १.० आलं आणि त्यात एक्झिक्यूट नावाची जुनी आज्ञा गेली. त्याच वर्षापासून चिपच्या भाषेत न उतरवलेलं सर्किट यंत्र घेत नाही. जुना मंच जुलै २०२५मध्ये बंद होऊन सगळं आयबीएम क्लाउडच्या खात्यावर गेलं. जुन्या लेखातलं सर्किट उचला, चालवायच्या ओळी उचलू नका. कंपोझर, म्हणजे गेट ओढून ठेवायचा चित्रमय फळा, ओळखीपुरता छान. थांब्याचे प्रयोग मात्र किस्किटमधूनच करावेत.

दुसरा दोष खोलवरचा. बाहेरच्या जगाची एकही मूठ तुमच्या हातात नाही. तापमान वाढवता येत नाही, पोकळीत फोटॉन सोडता येत नाहीत, आणि सूक्ष्मतरंगांच्या ठोक्यांना स्वतः आकार द्यायची सोयही २०२५मध्ये काढून घेतली. १९९६मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ सर्ज आरोशच्या गटाने पोकळीतल्या मोजक्या फोटॉनांची दोन टोकं जास्त दूर नेली की अवस्था लवकर विरते हे दाखवलं. व्हिएन्नात फुलरिनचे (कार्बनचे मोठे) रेणू तापवून त्यांच्या व्यतिकरणाच्या, म्हणजे वाटांनी एकमेकींना खोडण्या-वाढवण्याच्या, पट्ट्या पुसट होताना पाहिल्या गेल्या. तसं जग कमीजास्त करणं इथे नाही. इथे जग म्हणजे एकतर वेळ, नाहीतर शेजारी. सिम्युलेटरवर जग हवं तसं रंगवता येतं, पण ते तुम्हीच रंगवलेलं असतं, त्यात अनपेक्षित काही सापडत नाही. खऱ्या चिपवर टी-वन काही तासांतही बदलतो, कारण चिपच्या पदार्थातले बारीक दोष क्युबिटाच्या सुरात येतात नि सुटतात. हा वैताग आहे आणि आकर्षणही.

एक अपेक्षा ठेवून येऊ नका. आकडा १०० वरून ५० वर का येतो ते या प्रयोगांतून लख्ख कळतं. पण एका विशिष्ट शॉटमध्ये शून्यच का आला, एक का नाही, याला इथला कुठलाच आलेख हात लावत नाही. डिकोहिरन्सने, म्हणजे जगाच्या संपर्कात अवस्था अशी विरण्याने, व्यतिकरण जातं, निवड कोणी केली ते कळत नाही.

दहा मिनिटं वाटून घ्यायची तर सगळी सर्किटं आधी सिम्युलेटरवर चालवून घ्या. आदर्श उत्तर तिथेच चुकलं तर यंत्राचे सेकंद जाळण्यात अर्थ नाही. मग तिन्ही थांब्याचे आलेख पहिल्या मिनिटात, दोन क्युबिटांचे प्रयोग दुसऱ्यात. हेच सगळं दुसऱ्या दिवशी त्याच क्युबिटांवर पुन्हा चालवा, आणि दोन्ही वेळा चिपच्या पानावरचे टी-वन, टी-टू जॉबसोबत उतरवून ठेवा. पानावरचा आकडा मागच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्राच्या मागच्या तपासणी-जुळवणीचा, असतो, तुमच्या जॉबच्या क्षणाचा नव्हे. ते पान पुढच्या कॅलिब्रेशनला बदललं की तुमचा आलेख कशाशी ताडायचा हा प्रश्न उरतो.